बी टाकण्याआधी आपल्या गावाला विचारा

दिवाळीचा फराळ संपत आला, पाहुणे आपापल्या घरी गेले, की आपल्याला परसबागेची आठवण होते. हवा छान झालेली असते, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटतं, आणि मंडईतून येताना बियांच्या दुकानासमोर पाय थबकतात. मटार, फ्लॉवर, टोमॅटो, भेंडी, कोथिंबीर. पाकिटांवरची चित्रं तर काय सुरेख! आपण पाचसहा पाकिटं घेतो, रविवारी घरातल्या मंडळींना कामाला लावून कुंड्या भरून घेतो आणि सगळं बी एका दिवसात टाकून मोकळ्या होतो.

पुढचं बऱ्याचजणींना ठाऊक आहे. भेंडी उगवतच नाही. टोमॅटो वाढतो, पण ऐन फुलावर येतो तेव्हा फुलं गळून पडतात. मटार गुडघाभर होतो, तेवढ्यात शिवरात्र येते, ऊन तापतं आणि शेंगा चपट्याच राहतात. फ्लॉवरची पानं सुपाएवढी, गड्डा मात्र सुपारीएवढा. मग शेजारच्या काकू सहज बोलून जातात, "अगं, काहींच्या हाताला झाड लागतच नाही." आणि आपणही ते खरं धरून चालतो. या एका वाक्यापायी किती घरांतल्या कुंड्या माळ्यावर गेल्या असतील! तीन महिने घातलेलं पाणी, वाकून वाकून दुखलेली कंबर, आणि वर हा शिक्का.

हाताचा यात काही दोष नसतो. चुकते ती तारीख. आणि तारीख चुकते, कारण ती आपण पाकिटावरून घेतो, पुस्तकातून घेतो, नाहीतर माहेरच्या आठवणीतून घेतो. ज्या गावात आपण राहतो त्या गावाला मात्र विचारत नाही.

इंग्रजी बागकामाची पुस्तकं चाळलीत, तर त्यांत एकच घोषा असतो: वसंतातलं शेवटचं हिम पडून गेलं की पेरा. त्या देशांत ते बरोबरच आहे. त्यांचा वैरी थंडी, आणि ती सरली की पुढे पाच महिने मोकळे. आपल्याकडे वसंत येतो तो उन्हाळ्याचा हात धरून. त्यांची बाग मिटते तेव्हा आपली खरी उघडते. म्हणून आपल्याला हिशेब उलटा करावा लागतो. "केव्हा पेरू?" हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, "हे पीक कधीपर्यंत हातात यायला हवं?" आपल्या गावात झाडाला सोसणार नाही असे दिवस कधी सुरू होतात ते ठरवा, आणि तिथून मागे दिवस मोजत या.

मटाराचंच बघा. पेरल्यापासून शेंगा तोडून होईपर्यंत त्याला साधारण तीन महिने लागतात, आणि फूल धरताना त्याला गारवा हवा. नागपूरला फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारचं ऊन चांगलंच चटके देऊ लागतं. तिथून तीन महिने मागे या. नोव्हेंबरचा शेवट आला. पण ही झाली अगदी शेवटची गाडी, आणि शेवटच्या गाडीला नेहमी गर्दी असते! शहाण्या बाईनं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मटार टाकून मोकळं व्हावं. दिवाळी उशिरा आली म्हणून मटार थांबत नाही.

यावरून आठवलं. आपल्या सणांवर पेरणी बेतायची झाली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, आणि तिथी चंद्रावर. 2022 साली घट बसले 26 सप्टेंबरला, आणि 2023 साली अधिक महिन्यामुळे 15 ऑक्टोबरला. एकोणीस दिवसांचा फरक! झाडाला अधिक महिना कळत नाही, त्याला सूर्य कळतो. म्हणूनच शेतकऱ्यांनी पेरणीसाठी नक्षत्रं धरली. सूर्य रोहिणीत जातो 25 मेच्या सुमारास, मृगात 7-8 जूनला, हस्तात 27 सप्टेंबरच्या आसपास, चित्रात 10-11 ऑक्टोबरला, स्वातीत 24 ऑक्टोबरच्या आगेमागे. या तारखा दरवर्षी फार तर एखाद्या दिवसानं हलतात. संक्रांतही सूर्याचीच, म्हणून ती जानेवारीची 14 किंवा 15 सोडत नाही.

आणि बायकांच्या हाती तर याहून सोपी खूण आहे. हादगा! पुष्कळ ठिकाणी भोंडला नवरात्रात खेळतात, पण जिथे हस्त नक्षत्रापासून सोळा दिवस हादगा घालण्याची रीत आहे, तिथे ते सोळा दिवस म्हणजे देशावरच्या हिवाळी भाजीची अगदी नेमकी वेळ. सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. एकीकडे खिरापत ओळखायची आणि एकीकडे टोमॅटो, वांगी, कोबीची रोपं टाकायची. आपल्या आज्या पंचांग वाचत नसतील, पण हादगा कधी बसतो ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आता गावागावाचं बघू. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठं चार आहेत: राहुरी (1968), अकोला (1969), दापोली आणि परभणी (दोन्ही 1972). एका राज्याला चार कशाला, असं वाटेल. पण दापोलीच्या लाल मातीत आणि धो धो पावसात जे चालतं, ते अकोल्याच्या काळ्या मातीत आणि कोरड्या उन्हात चालत नाही. मग दादरच्या बहिणीनं फोनवर सांगितलेली तारीख अकोल्याच्या बहिणीला कशी चालेल?

कोकण, मुंबई आणि गोवा इथे थंडीची भीती नाही. मुंबईत सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान 7.4 अंश, तेही 1962 च्या जानेवारीत. इथला खरा धनी पाऊस. एकट्या जुलै महिन्यात मुंबईत 800 मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. त्यात टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांचा निभाव लागत नाही; मुळं कुजतात, बी वाहून जातं. पण वेलांचं राज्य असतं. पडवळ, दोडकी, कारली, काकडी, गोव्याकडचं तवसं, भोपळा. याचं बी मेअखेरीस कोरड्या मातीतच टाकून ठेवावं किंवा पिशवीत रोप तयार ठेवावं, म्हणजे मृगाचा पाऊस येईतो वेलाला चारसहा पानं फुटलेली असतात आणि तो मांडवाकडे धावतो. भर पावसात बी टाकलंत तर ते गोगलगायींच्या पंगतीला!

हे वेळापत्रक किती जुनं आहे ते पाहायचं असेल, तर ऋषिपंचमीची भाजी आठवा. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून हातानं लावलेल्याच भाज्या घ्यायच्या: अळू, पडवळ, दोडका, लाल भोपळा, भेंडी, माठ, सुरण, मक्याचं कणीस. मृगाला लावलेला वेल ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फळावर असतो, आणि ऋषिपंचमी नेमकी त्याच दिवसांत येते. ही भाजी म्हणजे परसातल्या पावसाळी बागेची यादीच आहे. ज्यांना कशापासून सुरुवात करावी ते कळत नाही, त्यांनी पहिल्या वर्षी ऋषिपंचमीची भाजी घरची करायची एवढंच ठरवावं. सुरणाला मात्र वेळ लागतो, ते मेमध्येच मातीत जायला हवं. हळद आणि आलंही तसंच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलं, तर हळद जानेवारी-फेब्रुवारीत निघते.

कोकणातला हिवाळा तोकडा. पाऊस लांबतो, हवामान खात्यानंही 2020 साली आपल्या तारखा बदलल्या आणि मुंबईतून पाऊस परतण्याचा सरासरी दिवस 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरला नेला. त्यानंतर ऑक्टोबरचं दमट ऊन. खरा गारवा नोव्हेंबरच्या मध्यानंतर, आणि तोही फेब्रुवारीत ओसरतो. इतक्या दिवसांत बसणारंच लावावं. मुळा, लाल माठ, पालक, मेथी, वाल, पातीचा कांदा, नवलकोल. फ्लॉवरचा हट्ट समुद्रकाठी धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवलकोल मात्र कोकणात छान होतो, आणि घरचा नवलकोल बाजारच्यासारखा जून नसतो.

देशावर, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, नगर, नाशिक या पट्ट्यात राहणाऱ्या बायका नशिबवान. पाऊस बेताचा, हिवाळा लांब, उन्हाळा सोसवेल असा. इथे जवळजवळ सगळं येतं, आणि म्हणूनच इथे तारखांची बेफिकिरी जास्त. फ्लॉवरची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त निराशा त्याच्याच वाट्याला येते. फ्लॉवरचे लवकरचे, मधले आणि उशिराचे असे वेगवेगळे वाण असतात, आणि प्रत्येकाला गड्डा धरायला वेगवेगळा गारवा लागतो. पुसा कातकी, पुसा दीपाली हे लवकरचे. त्यांना फार थंडी नको. पावसाळ्यात रोप टाकलं की दिवाळीच्या आगेमागे गड्डा मिळतो. स्नोबॉल हा उशिराचा. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायचा, म्हणजे जानेवारीच्या थंडीत भरतो. आता उलटं केलंत तर? स्नोबॉल पावसाच्या सुरुवातीला टाकलात, तर थंडी पडेपर्यंत नुसती पानं काढत बसतो. आणि लवकरचा वाण थंडीत टाकलात, तर बिचाऱ्याला वाढायला वेळच न मिळता बटणाएवढा गड्डा धरतो. पाकिटावर नुसतं "फ्लॉवर" लिहिलेलं असेल, तर ते घेऊच नका. वाणाचं नाव विचारा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, घालू द्या.

कांद्याचंही थोडंसं तसंच. शेतकरी खरीप, रांगडा आणि उन्हाळी अशी तीन पिकं घेतात आणि तिन्हींना वेगळे वाण वापरतात. रोप भलत्या वेळी लावलं, वाण चुकला, आणि वाढत्या कांद्याला थंडी लागली, की मधून फुलाचा दांडा वर येतो. त्यालाच डेंगळे म्हणतात. डेंगळ्याचा कांदा टिकत नाही. तो आधी वापरून टाकावा. कुंडीत साठवणीचा कांदा करण्याच्या भानगडीत न पडता पातीचा करावा, त्याला फारशी तारीख लागत नाही.

खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ. इथे दोन्ही टोकं. नागपूरला 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, आणि त्याच गावात मे महिन्यात तो 45 च्या पुढेही जातो. बागेला मधली फट सापडते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच. म्हणून इथे हिवाळी भाजीला उशीर अजिबात परवडत नाही. टोमॅटोला बी टाकल्यापासून पहिलं फळ पिकेपर्यंत शंभरेक दिवस लागतात. रात्र 12-13 अंशांखाली गेली, तर त्याचं फळ धरत नाही. दिवस 35-36 च्या वर चढला तरी फुलं गळतात. म्हणजे त्याची फुलं थंडीचा कडाका येण्याआधी, नाहीतर तो सरल्यावर लगेच यायला हवीत. त्यासाठी ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत रोप टाकावं. दिवाळीनंतर टाकलेला टोमॅटो या भागात दोन्हीकडून मार खातो.

रथसप्तमीच्या आसपास थंडी मोडते. मग भेंडी, गवार, काकडी, चवळी टाकावी. भेंडीला उबदार माती लागते. डिसेंबरात तिचं बी मातीत नुसतं पडून कुजतं, आणि आपण म्हणतो बी खराब होतं. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या गच्चीवर काही लावायचा खटाटोप करूच नये. ते महिने पापड-कुरडयांचे. गच्चीचा तेवढा उपयोग पुरे!

आता थंडीच्या त्या दोनचार रात्रींबद्दल, कारण साऱ्या वर्षाची मेहनत एका पहाटेत जाऊ शकते. हिंदीत याला पाला पडणं म्हणतात. आपल्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडे लग्न होऊन गेलेल्या मुली पहिल्या हिवाळ्यात "आज पाला पडेगा" ऐकून अंगण झाडायला निघतात, असा विनोद तिकडच्या मराठी घरांत करता येईल! आपल्याकडे वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात बातमी असते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरही काही हिवाळ्यांत पारा दोनतीन अंशांवर येतो आणि द्राक्षबागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात. पुण्यालाही 1935 च्या जानेवारीत 1.7 अंशांची नोंद आहे.

"पण पारा शून्यावर कुठे गेला?" असं विचाराल. इथेच गफलत होते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चारेक फूट उंच, लाकडी पेटीत असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि जमिनीलगतचं पान त्या पाऱ्यापेक्षा तीनचार अंश जास्त थंड होतं. म्हणून बातमीत 4 अंश ऐकलेत, तर आपल्या टोमॅटोच्या पानावर शून्य आलंच असं समजा. ढगाळ रात्री ही भीती नसते. ढग गोधडीचं काम करतात. वारा वाहत असला तरी धोका कमी. आणि थंड हवा पाण्यासारखी खोलगट जागेत साचते. वेण्णेकाठी दव गोठतं आणि वर बाजारपेठेत गोठत नाही, ते यामुळेच. तुमच्या अंगणाचा सखल कोपरा कोणता, तो आत्ताच हेरून ठेवा.

अशा रात्री काय करायचं? दुपारनंतर, ऊन असतानाच, मातीला पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते आणि रात्री हळूहळू सोडते. पानांवर मात्र पाणी मारू नये. सूर्य मावळायच्या सुमाराला चार काठ्या रोवून वरून जुनं सुती पातळ किंवा चादर टाकावी, कडा जमिनीपर्यंत सोडाव्या, म्हणजे मातीची ऊब आत राहते. कापड पानाला टेकू देऊ नये. प्लॅस्टिक तर मुळीच टेकू देऊ नये; जिथे टेकतं तिथलं पान हमखास काळं पडतं. सकाळी ऊन आलं की पांघरूण काढायचं. कुंड्या असल्या तर घराच्या भिंतीशी, वळचणीखाली सरकवल्या तरी पुष्कळ काम होतं, कारण भिंत दिवसभर तापलेली असते. शेकोटी शेतात ठीक. वस्तीत धूर करून शेजारणीचा खोकला ओढवून घेऊ नये.

सगळं झाकायची गरज नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, घेवडा, भोपळ्या-काकडीचे वेल, पपई, केळ ही नाजूक मंडळी. कोबी, मुळा, गाजर, बीट, पालक, लसूण, कांदा यांना त्या थंडीचं फारसं काही वाटत नाही. मटार फसवा आहे. त्याची पानं तगतात, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा जातात. आणि एवढं करूनही एखादं झाड काळवंडलं, तर लगेच कात्री चालवू नका. जळलेली पानं खालच्या डोळ्यांना पांघरूण होतात. आठदहा दिवस थांबा, नवी फूट कुठून येते ते पाहा, मग वरचं मेलेलं छाटा.

ग्वाल्हेर, इंदूर, दिल्लीकडच्या मराठी घरांना हे दरवर्षीच सांभाळावं लागतं. तिकडे थंडी फेब्रुवारीपर्यंत रेंगाळते, म्हणून काकडी-भोपळ्याचं बी फेब्रुवारीच्या मध्यानंतर टाकावं. पुण्याच्या आईनं संक्रांतीनंतर लगेच टाकायला सांगितलं, तरी. आणि ज्यांच्या लेकी अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या थंड भागात आहेत, त्यांची तर आणखी गंमत. एप्रिलमध्ये लेक फोनवर विचारते, "आई, टोमॅटो लावू का?" आई इकडे घामाघूम, म्हणते, "आता कसला टोमॅटो, उन्हाळा लागला!" दोघी आपापल्या जागी बरोबर. तिथे शेवटचं हिम एप्रिलअखेर, कधी मेच्या सुरुवातीला पडतं, आणि टोमॅटो त्यानंतरच बाहेर नेतात. तिथे इंग्रजी पुस्तकाचंच ऐकावं!

बदलीच्या नोकरीतल्या घरांना माझं एकच सांगणं. नव्या गावी सामान लागलं, की पहिल्या आठवड्यात भाजीवालीशी ओळख करून घ्या. मोठ्या मंडईतल्या नव्हे, जवळच्या खेड्यातून टोपली घेऊन येणारीशी. गावठी मेथी कधी सुरू होते, वांग्याची रोपं आठवडेबाजारात कधी येतात, थंडीत मिरची तग धरते का, हे तिला तोंडपाठ असतं. रोपं बाजारात आली म्हणजे रोप लावायची वेळ झाली. बी त्याआधी महिनाभर पडलेलं असतं. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही घरच्या बागेपुरती माहिती विचारता येते, संकोच करू नका. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता ना, तिथेच बी टाकल्याची, पहिलं फूल दिसल्याची, पांघरूण घालावं लागल्याची तारीख लिहा. दोन वर्षांची जुनी कॅलेंडरं खिळ्याला राहू द्या. तुमच्या गच्चीला तुमच्या अंगणापेक्षाही वेगळी तारीख असते, हे त्यावरूनच कळेल. सिमेंटची गच्ची उन्हाळ्याला पंधरा दिवस आधीच आमंत्रण देते. उत्तरेच्या बाल्कनीत तर ऑक्टोबर ते मार्च ऊन येतच नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे कलतो. तिथे हिवाळी टोमॅटो लावून उपयोग नाही, तिथे पुदिना बरा.

हल्ली पाऊस लहरी झालाय. ऑक्टोबरात वळिवासारखा कोसळतो आणि कोवळी रोपं झोपवतो. म्हणून सगळं बी एकाच दिवशी टाकू नका. एका पाकिटाच्या तीन पाळ्या करा, दहाबारा दिवसांच्या अंतरानं. एक पाळी गेली तरी दोन उरतात. आणि कोथिंबीर-मेथी एकदमच तयार होऊन शेजारीपाजारी वाटत बसावी लागत नाही. धणे मात्र टाकण्याआधी लाटण्यानं हलके रगडून दोन डाळी सुट्या करा.

उरलेलं बी पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि गार जागी ठेवावं. ओट्यावर, शेगडीजवळ नको. टोमॅटो, वांगी, काकडी, भोपळा यांचं बी नीट ठेवलं तर तीन वर्षंसुद्धा चालतं. कांद्याचं मात्र वर्षभरातच निकामी होतं, ते दरवर्षी ताजं घ्यावं. शंका असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात बांधून, मटकीला मोड आणतो तशा उबेला ठेवा. आठवड्यात सातआठ फुटल्या तर बी चांगलं. चारपाचच फुटल्या तर दुप्पट दाट टाका. एखाददुसरीच फुटली तर नवं पाकीट आणा, तारीख निघून जायच्या आत.